पहिलाच शब्द : सोडून द्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी राहतो सातिवलीला. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून महामार्गाच्या दिशेनं निघालात, की थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांचे गाळे लागतात. कुठे प्लास्टिकचे डबे, कुठे स्टीलची भांडी, कुठे पुठ्ठ्याची खोकी. मागे तुंगारेश्वरचा डोंगर आणि पुढे टेम्पोंची रांग, त्याच्या मधल्या पट्टीत आमची वस्ती. इथल्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून मी पंचवीसेक वर्षं काढली. उरलेल्या वेळात मराठीत कविता लिहितो. मग इंग्रजीच्या परीक्षेवर बोलायला या माणसाला कुणी बोलावलं, असं तुमच्या मनात आलं असेल. उत्तर सोपं आहे. त्या परीक्षेत मी एकदा नापास झालेलो आहे.

पण माझं नंतर सांगतो. आधी एका मुलीची गोष्ट.

२०२५च्या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. त्याच संध्याकाळी आमचे एक शेजारी आपल्या मुलीला घेऊन घरी आले. मुलगी मराठी माध्यमाची, कला शाखेची. बाकी सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत शंभरपैकी एकोणतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. परीक्षा संपल्यापासून ती एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाला जात होती. वडील म्हणाले, "भाई, आता तुम्हीच हिला समजवा. शिक्षण बस झालं. रोज सुटतोय, तो काय वाईट आहे?"

मुलगी खाली मान घालून उभी. मी विचारलं, "तुला काय करायचंय?" हळूच म्हणाली, "नर्सिंग." आता नर्सिंगला जायचं तर बारावीला इंग्रजी सुटलेलं असावंच लागतं. म्हणजे सहा गुणांवर त्या मुलीचं पुढचं आयुष्य अडलेलं. पुरवणी परीक्षेला जेमतेम सात आठवडे होते. मी म्हटलं, "सात आठवडे मला द्या. मग काय ते ठरवा." वडील तयार झाले, पण काम सुटणार नाही या अटीवर.

मी शब्द देऊन बसलो खरा, पण रात्री झोप लागली नाही. कारण तिच्या जागी उभा राहिलेला मुलगा मला दिसत होता. तो मीच होतो.

१९८८ साली मी बारावीला होतो. आमचं घर तेव्हाही वसई तालुक्यातच. अब्बा मिठागरावर कामाला. घरात बोली वेगळी, शाळा मराठी आणि इंग्रजीचं पहिलं अक्षर पाचवीत पाहिलेलं. त्या काळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासूनच असे. निकाल लागला आणि इंग्रजीत एकतीस आले. अम्मीनं विचारलं, "बाकीचे विषय चांगले आहेत ना? मग एकासाठी सगळंच कसं काय गेलं?" या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही नीट देता येत नाही.

त्या वेळी ऑक्टोबरची परीक्षा असे. शिकवणीला पैसे नव्हते. घरात होता एक ट्रान्झिस्टर. आमचे इंग्रजीचे सर भला माणूस. त्यांनी एकच सांगितलं, "संध्याकाळी मराठी बातम्या ऐक आणि रात्री नऊला इंग्रजी बातम्या ऐक. बातम्या त्याच असतात." मी ऐकू लागलो. पहिले आठ दिवस नुसता पाण्याचा लोट कानावरून जावा तसं झालं. मग हळूहळू दगड दिसू लागले. गावांची नावं, माणसांची नावं, आकडे. मराठीत काय घडलं ते आधीच कळलेलं असायचं, त्यामुळे इंग्रजीत ते कसं सांगतात एवढंच ऐकायचं उरायचं.

त्या सप्टेंबरात सोलचं ऑलिंपिक चालू होतं. कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर जिंकला आणि तीन दिवसांनी उत्तेजक द्रव्य घेतल्याबद्दल त्याचं पदक काढून घेतलं. मराठीत ऐकलं 'अपात्र'. रात्री नऊला ऐकलं 'डिस्क्वालिफाइड'. एवढा मोठा शब्द मला कुणी न शिकवता आला. मी तो वहीत लिहिला आणि दोन दिवस तोंडात घोळवला. अर्थातच तो पेपरात आला नाही! पण मी पास झालो. पुढे मराठी घेऊन बी.ए. झालो. त्याच्या पुढे गेलो नाही. त्याची कारणं निराळी आहेत, त्यात इंग्रजीची भीतीही होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. सावित्रीबाई फुले यांनी १८५४च्या आपल्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजीला माउली म्हटलं. ज्यांना ज्ञानाचे दरवाजे बंद होते त्यांना या भाषेनं एक दार उघडलं, ही त्यामागची भावना. ते खरंच आहे. पण आमच्या वस्तीतली पोरं दूध पिणं राहिलं बाजूला, त्या वाघिणीलाच घाबरून पळतात. गंमत पाहा, महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे मी बारावीपर्यंत आठ वर्षं इंग्रजी शिकलो आणि ही मुलगी बारा वर्षं. भीती मात्र दोघांची सारखीच!

असं का व्हावं? दुसऱ्या दिवशी मी तिची वही पाहिली आणि उलगडा झाला. वही सुंदर होती. अक्षर मोत्यासारखं. सगळी उत्तरं गाईडातून उतरवलेली, पानंच्या पानं. मी एका उत्तरावर बोट ठेवून विचारलं, "यात काय लिहिलंय, ते मराठीत सांग." तिला सांगता येईना. बारा वर्षं तिनं इंग्रजी लिहिलं, पण कुणाला काही सांगण्यासाठी म्हणून एकदाही वापरलं नव्हतं. जी भाषा कधी वापरलीच नाही, ती परीक्षेच्या तीन तासांत कशी हाताशी येणार?

मग मी विचारलं, "गाळ्यात खोक्यांवर काय छापलेलं असतं?" ती म्हणाली, "काका, ते इंग्रजीत असतं." म्हटलं, "तेच विचारतोय." आठवून आठवून तिनं सांगितलं : फ्रॅजाइल. धिस साइड अप. हँडल विथ केअर. नेट वेट. बॅच नंबर. कीप ड्राय. रोज दोन-तीनशे खोकी तिच्या हाताखालून जात होती. तिला त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ कामातून ठाऊक होता, फक्त त्याला इंग्रजी येणं म्हणतात हे ठाऊक नव्हतं. फ्रॅजाइल म्हणजे जपून, फुटेल. आमचा पहिला धडा तो झाला.

इथे मी जरा लांबची, चीनची गोष्ट सांगतो. माझ्या मेहुण्याचा मुलगा डॉक्टरकी शिकायला तिकडे गेला होता. २०२०च्या सुरुवातीला करोनामुळे परत आला, मोठा काळ घरी बसून मोबाइलवर शिकला आणि मग पुन्हा जाऊन शिक्षण पुरं केलं. बकरी ईदला तो भेटायला आला, तेव्हा आमचा अभ्यास चाललेला. तिचा पडलेला चेहरा बघून तो म्हणाला, "तुला वाटतं तू एकटीच आहेस? तिकडे लाखो आहेत."

चीनमध्ये कॉलेजच्या मुलांसाठी सरकारी इंग्रजी परीक्षा असते, कॉलेज इंग्लिश टेस्ट. तिची चौथी पायरी १९८७ साली सुरू झाली आणि सहावी १९८९ साली. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरात. मुलगा इंजिनिअरिंगचा असो की शेतकीचा, चौथी पायरी चढली का, हे नोकरी देणारा विचारतो. एके काळी अनेक विद्यापीठांत तर ती सुटल्याशिवाय पदवी मिळत नसे. एकूण गुण ७१०, त्यात साधारण ४२५ मिळाले की मुलं सुटकेचा निःश्वास टाकतात. पस्तीस टक्के गुण ऐकण्याला, पस्तीस टक्के वाचण्याला, उरलेले लिहिण्याला आणि भाषांतराला.

आता मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट. ऐकण्याची परीक्षा पुष्कळ विद्यापीठांत रेडिओवर होते. विद्यापीठ आपल्या आवारापुरतं ते ध्वनिमुद्रण एफ.एम.वर लावतं आणि मुलं रेडिओचे हेडफोन कानाला लावून परीक्षेला बसतात. त्यामुळे हेडफोनची बॅटरी संपली तर काय, याचीच धास्ती जास्त! हे ऐकलं आणि मला आमचा मिठागराकाठचा ट्रान्झिस्टर आठवला.

आणखी एक त्यानं सांगितलं. ही मुलं तयारीसाठी शब्दांची जाडजूड पुस्तकं घेतात, वर्णानुक्रमे लावलेली. पहिल्या पानावर पहिलाच मोठा शब्द येतो 'अबॅन्डन'. अबॅन्डन म्हणजे सोडून देणे. मुलं मोठ्या निश्चयानं पुस्तक उघडतात, पहिला शब्द पाठ करतात आणि त्याच्या अर्थाप्रमाणे वागतात. चीनमधला हा पेटंट विनोद आहे म्हणे. आमची मुलगी हे ऐकून पहिल्यांदा खळखळून हसली.

पण त्याच्या पुढच्या बोलण्यानं मी विचारात पडलो. हा मुलगा आपल्याच पालघर जिल्ह्यातला. इथे इंग्रजी बोलताना त्याची बोबडी वळायची. तिकडे त्याचे वर्गाबाहेरचे चिनी मित्र निबंध तपासून घ्यायला त्याच्याकडे येऊ लागले, कारण तो भारतातून आलेला! आणि तो स्वतः काय करत होता? चिनी भाषेच्या परीक्षेसाठी हजार-बाराशे शब्द घोटत होता, रुग्णाशी बोलता यावं म्हणून. म्हणजे एकाच खोलीत चिनी मुलगा इंग्रजीला घाबरतोय आणि मराठी मुलगा चिनीला. दोघांपैकी बुद्दू कोण? कुणीच नाही. भाषेची परीक्षा डोकं मोजत नाही. त्या भाषेपर्यंत यायला तुम्हाला रस्ता किती मिळाला, तेवढंच मोजते. हे मला १९८८ साली कुणी सांगितलं असतं तर माझ्या काही रात्री वाचल्या असत्या.

त्या चिनी परीक्षेत २०१३च्या अखेरीपासून एक बदल झाला. चिनी भाषेतला एक पूर्ण परिच्छेद इंग्रजीत करायला देतात. विषय पुष्कळदा घरचेच असतात : सण, चहा, नद्या, जुनी शहरं. म्हणजे परीक्षाच मुलाला सांगते, बाबा रे, तुझ्या घरात जे आहे ते मला इंग्रजीत सांग. आमच्या खोक्यांच्या धड्यात मी नकळत तेच करत होतो. मग ठरवूनच करू लागलो.

काय केलं ते थोडक्यात सांगतो, कुणाला उपयोगी पडलं तर पडेल.

पहिली गोष्ट व्याकरणाची. तिला क्रियापदाला 'एस' कधी लावायचा याची भारी धास्ती. मी म्हटलं, "मराठीत 'जा'ची रूपं सांग." ती म्हणाली, जातो, जाते, जातं, जातोस, जातेस, जाता, जातात. म्हटलं, "ही न चुकता बोलतेस ना? इंग्रजीत या सगळ्यांना मिळून दोनच, गो आणि गोज. अवघड भाषा तुला आधीच येते आहे." चिनी भाषेत तर क्रियापद बदलतच नाही, म्हणून तिकडच्या मुलांनाही हा 'एस' असाच छळतो. दुसरी अडचण शब्दांच्या क्रमाची. आपण म्हणतो, मी खोकं उचलते. इंग्रजी म्हणते, मी उचलते खोकं. आठवडाभर आम्ही गाळ्यातली वाक्यं अशी उलटी बोललो. मी टेप लावते खोक्याला. मालक बघतो घड्याळ. तिच्या घरचे हसायचे, पण क्रम अंगात मुरला.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. माझ्या सरांचा उपाय मी तिला जसाच्या तसा दिला. आता ट्रान्झिस्टर नको, मोबाइलवर आकाशवाणी लागते. आधी मराठी बातम्या, मग इंग्रजी. सोबतीला रोज पाच मिनिटं धड्यातला उतारा मोठ्यानं वाचायचा. डोळ्यांना परका वाटणारा शब्द तोंडातून चार वेळा गेला की ओळखीचा होतो.

तिसरी गोष्ट पेपराची. बारावीचा लेखी पेपर ऐंशी गुणांचा आणि वीस गुण तोंडीचे. गद्य, कविता, लेखनकौशल्य आणि कादंबरी. उताऱ्यावरचे प्रश्न ती उतारा वाचून झाल्यावर वाचायची आणि सगळं विसरायची. मी सांगितलं, आधी प्रश्न वाच, मग उताऱ्यात उत्तर शोध. उत्तर तिथेच असतं, हरवलेली चावी शोधावी तसं शोधायचं. लेखनासाठी पाठ केलेला निबंध नको. तुमच्या वस्तीत पाणी तुंबतं, त्याचा वृत्तांत लिही. लहान वाक्यं लिही. चूक झाली तर होऊ दे, पण पान कोरं सोडू नकोस.

चौथी गोष्ट कादंबरीची. तिच्या पुस्तकात 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' या कादंबरीचा थोडा भाग आहे. मी आधी सगळी गोष्ट मराठीत सांगितली. त्यात नायक मुंबईला उतरतो, त्याचा नोकर पायात बूट घालून मलबार हिलच्या देवळात शिरतो, मार खातो आणि बूट गमावून अनवाणी पळतो. हे ऐकून तिचे डोळे चमकले. मग मी म्हटलं, "आणखी एक ऐक. ज्याची तुला भीती वाटते ते पुस्तक मुळात इंग्रजीतलं नाहीच. ज्यूल व्हर्न फ्रेंच लेखक. इंग्रजांनीही ते भाषांतर करूनच वाचलं." ती म्हणाली, "म्हणजे त्यांनाही भाषांतर लागतं?" म्हटलं, "सगळ्यांनाच लागतं, पोरी."

शेवटचे दहा दिवस फक्त जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून तीन तास. तोवर पाऊस धरलेला. लाइट जायचे, पत्र्यावर असा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये. दिवसभर उभी राहून ती थकून यायची. एकदा पेपर सोडवता सोडवता वहीवरच डोकं टेकून झोपली. माझी पत्नी म्हणाली, "राहू द्या हो आज." मी घड्याळ बंद केलं. त्या रात्री मलाही वाटलं, झेपेल का हिला? अबॅन्डन हा शब्द मुलांपुरताच नसतो, शिकवणाऱ्यालाही तो खुणावतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली ती हातात एक कागद घेऊन. परीक्षेच्या दिवसाची रजा हवी होती आणि मालकांनी अर्ज मागितला होता. तिनं तो इंग्रजीत लिहिला होता. चार ओळी, त्यात दोन चुका. गाईडात नसलेल्या त्या चार ओळी तिच्या स्वतःच्या होत्या. मी चुका दाखवल्या, पण आधी तो कागद दोनदा वाचला.

निकाल लागला. तिला त्रेचाळीस गुण मिळाले. पेढे वाटावेत असे ते गुण नव्हेत, असं कुणी म्हणेल. तिच्या वडिलांनी मात्र वाटले. तिनं नर्सिंगसाठी अर्ज केला. पुढे फी आहे, वसतिगृह आहे, वडिलांचं मन आहे. त्या सगळ्या परीक्षा अजून व्हायच्या आहेत आणि त्यात माझ्यासारख्या बी.ए. माणसाचं फारसं काही चालत नाही. पण त्या यादीतून इंग्रजी कमी झालं, एवढं खरं.

श्रोतेहो, जाता जाता एक विनंती. निकालानंतर तुमच्याही आसपास एखादं मूल एका विषयासाठी घरी बसलेलं असेल. बहुधा तो विषय इंग्रजीच असेल. तुम्हाला फार इंग्रजी यायला हवं असं नाही, मलाही येत नाही. संध्याकाळचा अर्धा तास द्या. गाईड मिटायला सांगा आणि विचारा, आज दिवसभरात काय काय पाहिलंस, ते आधी तुझ्या भाषेत सांग. तिथून पुढे वाट सापडते. आणि शब्दांचं पुस्तक आणलंच, तर पहिलं पान उलटून दुसऱ्या पानापासून सुरुवात करा.